हाँगकाँगची वेगळी खुर्ची: एका आक्षेपाला उत्तर

सडेतोड प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं: १९९७ला हाँगकाँग चीनकडे गेलं तेव्हाच जागतिक व्यापार संघटनेतलं त्याचं वेगळं सदस्यत्व संपायला हवं होतं, ते टिकलं ही ब्रिटनची मेहेरबानी, चीनला त्यातून एक जादा मत मिळालं, व्यवहारात दोन्ही एकच, आणि हाँगकाँगची स्वायत्तता आज उरली आहे का हे कोणी तपासत नाही.

आधी माझी चूक कबूल करतो. सदस्यत्व ‘आपोआप’ चालू राहिलं असं मी लिहिलं होतं. तो शब्द मागे घेतो, कारण त्यासाठी अकरा वर्षं आधी कागद करून ठेवावे लागले होते. जागतिक व्यापार संघटनेच्या आधी जो जागतिक व्यापार करार होता, त्या गॅटच्या कलम २६मध्ये तरतूद होती: एखाद्या प्रदेशाला परकीय व्यापाराच्या कारभारात पूर्ण स्वायत्तता आहे, असं निवेदन त्याची जबाबदारी असलेल्या सदस्य देशाने दिलं की तो प्रदेश स्वतः सदस्य धरला जाई. ब्रिटनने ते २३ एप्रिल १९८६ला दिलं. त्याच दिवशी चीननेही आपलं निवेदन दिलं की १ जुलै १९९७नंतर ‘हाँगकाँग, चीन’ या नावाने हे पुढे चालेल. मग मेहेरबानी कसली? ब्रिटन आणि चीनच्या १९८४च्या संयुक्त जाहीरनाम्यात ते ठरलेलंच होतं, आणि पुढे चीनने स्वतः हाँगकाँगसाठी केलेल्या मूलभूत कायद्याच्या कलम ११६मध्येही आलं.

यातली खरी गोम वेगळीच आहे. चीन तेव्हा गॅटचा सदस्यच नव्हता, त्यामुळे कलम २६खालचं, सदस्यत्व मिळवून देणारं निवेदन देण्याचा अधिकार त्याला नव्हता; ते ब्रिटनच देऊ शकत होता. ब्रिटनने वेळ दवडली असती तर १९९५ला गॅटची जागा संघटनेने घेतल्यावर हा दरवाजाच बंद होता. उरला असता तो वाटाघाटींचा लांबचा रस्ता. तैवानने १९९०ला अर्ज केला, आत आलं १ जानेवारी २००२ला. पोर्तुगालच्या ताब्यातल्या मकावचं असंच काम पोर्तुगालने १९९१लाच उरकून घेतलं होतं.

सार्वभौमत्व हा निकष इथे मुळातच नाही. पात्र कोण, तर ‘राज्य किंवा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश’, म्हणजे आपला आयात-निर्यातीचा कारभार स्वतः पाहणारा प्रदेश. १९४७ला गॅटवर सह्या करणाऱ्यांत ब्रह्मदेश, सिलोन आणि दक्षिण ऱ्होडेशिया होते. तिघांपैकी एकही तेव्हा स्वतंत्र नव्हता. उलट नाणेनिधीत फक्त देश बसतात, म्हणून तिथे हाँगकाँगला वेगळी खुर्ची नाही. मतांचं म्हणाल, तर संघटनेचे निर्णय सहमतीने होतात, मतमोजणीची वेळच सहसा येत नाही.

‘व्यवहारात एकच’ हे मात्र मुंबईतल्या एखाद्या आयातदाराला सांगून बघा. चीनमधल्या शेंझेनमध्ये बनलेला, हाँगकाँग बंदरात जहाजावर चढलेला माल न्हावा-शेव्याला उतरतो. पुरवठादाराचं इन्व्हॉइस हाँगकाँगचं, म्हणून बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदात) मूळ देश हाँगकाँग लिहिला की फसगत झालीच. मूळ देश चीन. हाँगकाँग फक्त पाठवणीचा देश. अँटी-डम्पिंग ड्यूटीच्या (फार स्वस्तात लोटलेल्या परदेशी मालावरच्या जादा कराच्या) अधिसूचनेतल्या तक्त्यात ‘मूळ देश’ आणि ‘निर्यातीचा देश’ असे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात ‘चीन’ आणि दुसऱ्यात ‘चीनसह कोणताही देश’ अशी ओळ असेल, तर हा माल तिच्यात बरोबर सापडतो. खरोखर हाँगकाँगमध्येच बनलेला माल त्या ओळीत बसत नाही, पण तसं सिद्ध करावं लागतं. आशिया-पॅसिफिक व्यापार करारात भारताबरोबर चीन आहे, हाँगकाँग नाही. त्यामुळे त्या करारातली सवलत चिनी मालावर हवी असेल, तर माल हाँगकाँगला फक्त एका जहाजातून उतरून दुसऱ्यात गेला, तिथल्या बाजारात शिरला नाही, याचा कागद लागतो. तो नसेल तर सवलत गेली.

तुमचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. स्वायत्तता १९८६ला होती म्हणून आज आहे, असं गृहीत धरलं जातं. ती पुन्हा तपासायची सोय संघटनेत नाही. २०२०ला अमेरिकेने नेमकं तिथेच बोट ठेवलं. हाँगकाँगमध्ये बनलेल्या मालावर मूळ देश ‘चीन’ असा छापायचा असा नियम केला. गंमत म्हणजे आयातकर आकारताना तोच माल तेव्हा हाँगकाँगचाच धरला जात होता! हाँगकाँगने तक्रार केली. डिसेंबर २०२२मध्ये संघटनेच्या तंटा समितीने अमेरिकेविरुद्ध निकाल दिला, पण ‘स्वायत्तता उरली आहे का’ या प्रश्नावर नव्हे. सुरक्षेच्या कारणाने नियम मोडायला आंतरराष्ट्रीय संबंधांत आणीबाणी लागते, तितकी गंभीर स्थिती नाही, एवढंच तिने म्हटलं. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेने अपील केलं, आणि अपील ऐकणाऱ्या मंडळावर तेव्हा एकही सदस्य नव्हता, म्हणून निकाल लटकलाच. फेब्रुवारी २०२५मध्ये चिनी मालावर वाढीव कर लावताना अमेरिकेने हाँगकाँगचा मालही त्याच यादीत घातला.