फेलोशिप देताय, मग होस्टचा वेळ पण द्या

व्हिजिटिंग फेलोशिप, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या विद्यापीठात काही काळ जाऊन संशोधन करायची संधी, मिळाली असं कुणी सांगितलं की लोक आधी विचारतात स्टायपेंड किती, मग तिकीट आणि व्हिसाचं काय. मी विचारते, तुझा होस्ट, म्हणजे तुला तिथे बोलावणारा प्रोफेसर, त्या महिन्यांत तिथे असणार आहे का? कारण हे फार कमी जण बघतात. प्रोफेसर नेमके सबॅटिकलवर (शिकवण्यातून मिळणाऱ्या लांब रजेवर) जातात नाहीतर ग्रँटच्या डेडलाइनमध्ये बुडालेले असतात, आणि लांबून आलेला संशोधक एक टेबल, एक तात्पुरतं आयडी कार्ड आणि जायच्या आठवड्यात दिलेला एक सेमिनार एवढ्यावर परत जातो. लायब्ररीचा ॲक्सेस, लॅबचं सेफ्टी ट्रेनिंग, युनिव्हर्सिटीचा ईमेल, बँक खातं ह्यातच सुरुवातीचे कितीतरी दिवस जातात आणि फेलोशिप असते तीन महिन्यांची! मग काम कधी करायचं माणसाने?

माझं म्हणणं एवढंच आहे की फेलोशिपचं बजेट फक्त येणाऱ्याचं धरून चालत नाही. बोलावणाऱ्याचा टीचिंग लोड त्या काळात थोडा कमी करा, आठवड्यातून एकदा तरी दोघं बसून बोलतील हे कबूल करून घ्या.

जर्मनीच्या हम्बोल्ट फाउंडेशनचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. आजच्या रूपातली ही संस्था 1953 ची. तिथल्या रिसर्च फेलोशिपसाठी होस्ट आधीच शोधावा लागतो, त्याच्याशी बोलून प्लॅन ठरवावा लागतो, होस्टलाही लेखी मत द्यावं लागतं, आणि निवड झाली की होस्ट संस्थेला पण संशोधनखर्चासाठी पैसे मिळतात. जोडीदार आणि मुलं सोबत असतील तर वेगळा भत्ता (हा मुद्दा किरकोळ नाही, घर सोडून जाता येत नाही म्हणून किती हुशार लोक, खासकरून बायका, अर्जच करत नाहीत). आणि सगळ्यात महत्त्वाचं, नंतरही नातं तुटत नाही, माजी फेलोंना पुन्हा जाऊन काम करण्यासाठी मदत मिळू शकते.

अमेरिकेची फुलब्राइट फेलोशिप 1946 पासून आहे, युद्धानंतर परदेशात उरलेलं अमेरिकेचं सामान विकून आलेल्या पैशातून ती सुरू झाली. कल्पना मोठीच होती. तिच्या जे-1 व्हिसावर (देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठीचा व्हिसा) अमेरिकेत गेलेल्यांना साधारणपणे नंतर दोन वर्षं मायदेशात राहावं लागतं, त्याआधी तिथला ग्रीन कार्ड वगैरे मिळत नाही. शिकलेलं आपल्या देशात वापरा हा हेतू मला पटतो, पण परत आल्यावर त्या कामाला पैसा आणि माणसं कुठून मिळणार ह्याचं उत्तर नुसत्या व्हिसाच्या नियमात नसतं ना. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी ग्लोबल फेलोशिपमध्ये बघा, युरोपाबाहेर एक-दोन वर्षं काम झालं की युरोपात परतून करायचं एक वर्ष फेलोशिपमध्येच धरलेलं असतं, पगारासकट. असं परतीचं वर्ष बाकीच्या देशांतून येणाऱ्यांना का नको?

जे अर्ज करताय त्यांनी होस्टला पहिल्या एक-दोन मेलमध्येच विचारा, त्या काळात तुम्ही कॅम्पसवर आहात का, ग्रुप मीटिंगला मला बसता येईल का, डेटा आणि लॅब पहिल्या आठवड्यापासून मिळेल का. विचारायला लाजू नका. आणि जे निवड समितीवर आहेत त्यांनी रिपोर्टमध्ये नुसते पेपर मोजण्यापेक्षा दोन वर्षांनी दोघांनाही एक मेल टाकून विचारावं की तुम्ही अजून एकत्र काम करताय का.