काकांचा गंधार

"कुकरची रिंग गेली आहे का तुझ्या?" असे विचारत समोरच्या घरी मुलाकडे राहायला आलेले काका परवा दार लोटून आत आले, आणि माझ्या ओठांशी असलेली वेळूची नळी पाहून "म्हणजे तो आवाज मुद्दाम होता?" असे जे म्हणाले, ते मला अजून पचलेले नाही.

मी अमेरिकेत, मेम्फिसला राहतो. येथून दक्षिणेला, मिसिसिपी राज्यातील सेनाटोबियाजवळ, ओथा टर्नर हा कृष्णवर्णीय शेतकरी स्वतः वेळू कापून, तापलेल्या सळईने त्याला भोके पाडून फाइफ, म्हणजे छोटी आडवी बासरी, बनवत असे आणि ढोलांच्या साथीने ब्लूज हे कृष्णवर्णीयांचे संगीत वाजवत असे. तेच शिकण्याचा माझा खटाटोप चालू आहे. खालचा ओठ भोकाच्या कडेवरून केसभर सरकला, तरी सूर जातो आणि निव्वळ फुसफुस उरते; पण म्हणून थेट कुकर?

"राग कोणता?"

"राग नाही काका, ब्लूज."

"असेना. गंधार चुकतो आहे. कोमल लाव नाहीतर शुद्ध लाव, मध्येच काय लोंबकळतोस?"

ब्लूजचा गंधार त्या मधल्या जागेतच राहतो, हे मी परोपरीने सांगितले. काकांनी तरुणपणी बासरीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि तिसरीला परीक्षक पक्षपाती निघाला होता. ती हकीकत चहा होईपर्यंत चालली.

"याच्या परीक्षा असतात का?"

"नाहीत."

"मग येऊ लागले, हे कळणार कसे?"

"लोक नाचू लागले की कळते. टर्नरच्या अंगणात बोकड शिजवून सहभोजन व्हायचे, तिथे लोक ढोलांमागून नाचत फिरायचे."

"म्हणजे वरात!"

अखेर वैतागून मी सांगितले, की १९९२ साली टर्नरला नॅशनल हेरिटेज फेलोशिप, म्हणजे लोककलावंतांसाठीचा अमेरिकेचा सरकारी सन्मान, मिळाली होती. काकांनी कप खाली ठेवला. "सरकारी? मग हे आधी सांगायचे ना!" जन्मभर शेतात राबून वाजवणाऱ्या माणसाचा गंधार तोवर चुकीचा होता, तो सरकारी शिक्का दिसताच 'वेगळ्या परंपरेचा' झाला. आपल्याकडे कानांनाही प्रमाणपत्र लागते, याचा मला खरोखर संताप येतो.

आता काका रोज संध्याकाळी मोबाइलवर तानपुरा लावून साथीला येतात. त्यांचे परतीचे तिकीट ऑक्टोबरचे आहे.