हाताला जाणवते ती मोटर, रेकॉर्ड नव्हे

डीजेसाठी टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) भारी की कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताने चालवायचं यंत्र), हा वाद पुन्हा पेटलाय आणि पुन्हा तीच दोन वाक्यं ऐकू येतायत. एक गट म्हणतो, 'व्हाइनलचा, म्हणजे रेकॉर्डचा, आवाज उबदार असतो, डिजिटलमध्ये जीव नाही.' दुसरा म्हणतो, 'जमाना पुढे गेला, जुनं किती दिवस उगाळायचं?' मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघंही मूळ मुद्द्याला हात घालत नाहीत. डीजेसाठी टर्नटेबलची जी मजा आहे, ती आवाजात नाहीच मुळी. ती मोटरमध्ये आहे.

घरातल्या साध्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये बहुतेक वेळा मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची तबकडी, फिरवते. अशा प्लेअरवर रेकॉर्ड हाताने अडवली की पट्टा ताणतो, घसरतो, आणि हात काढल्यावर वेग रडतखडत येतो. मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने पट्टाच काढून टाकला आणि प्लॅटर थेट मोटरवर बसवला. 1972 मध्ये एसएल-1200 आलं, 1979 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, मार्क टू. जगभरच्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षं दिसत आलंय ते हेच. थांबलेल्या अवस्थेपासून मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला ते 0.7 सेकंदात पोचतं. प्लॅटर आणि रेकॉर्डच्या मध्ये फेल्टची गुळगुळीत चकती असते, स्लिपमॅट. त्यामुळे तुम्ही रेकॉर्ड धरून ठेवलीत तरी खालचा प्लॅटर फिरतच राहतो. बोटांना खालून एक सततची ओढ लागते. बोट उचललं की त्याच क्षणी रेकॉर्ड प्लॅटरबरोबर निघते.

ही ओढ नसती तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जे घडलं ते घडलंच नसतं. 11 ऑगस्ट 1973 ला 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यूच्या इमारतीत डीजे कूल हर्क आणि त्याची बहीण सिंडी यांनी पार्टी ठेवली. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून आज तीच तारीख साजरी होते. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा, ज्याला ब्रेक म्हणतात, तो हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींवर आलटून पालटून लांबवायचा. ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने पुढे रेकॉर्डवर मेणखडूने खुणा केल्या आणि किती फेऱ्या मागे फिरवल्या की ब्रेकची सुरुवात येते, याचा हिशोब हातात बसवला. ग्रँड विझर्ड थिओडोर या पोराने स्क्रॅचचा घासल्यासारखा आवाज शोधला, तोही रेकॉर्ड हाताखाली धरून पुढेमागे करता करता. या दोघांचंही काम फिरत्या मोटरच्या विरोधात आणि मोटरच्या मदतीने चाललं होतं. मागे नेणारा हात, पुढे नेणारी मोटर.

यात एक गणित आहे, ते मला फार आवडतं. 33⅓ च्या वेगाने एका फेरीला बरोबर 1.8 सेकंद लागतात. गाणं 100 बीपीएमचं (मिनिटाला 100 ठोके) असेल तर एका फेरीत नेमके तीन ठोके बसतात. 133 च्या आसपास असेल तर चार, म्हणजे एक अख्खा बार. म्हणून स्क्रॅच करणारे रेकॉर्डच्या लेबलवर पट्टी चिकटवतात. पट्टी कुठल्या कोनात आहे हे नजरेच्या कडेला दिसलं तरी आपण गाण्यात कुठे आहोत ते कळतं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर फिरणारी जी रेघ दिसते ती याच पट्टीची नक्कल आहे, आणि तीही बहुतेक 33⅓ च्याच वेगाने फिरते.

आता बीटमॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं. ज्यांनी थोडाफार तबला केलाय त्यांना हे पटकन कळेल: दोन गाण्यांची लय एक करणं वेगळं आणि सम जुळवणं वेगळं. लय पिच फेडरने, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या सरकत्या दांडीने, जुळते, मार्क टूवर तो अधिक-उणे 8 टक्के जातो. सम जुळवायची ती हाताने. रेकॉर्डची कड हलकीशी ढकलायची, किंवा प्लॅटरच्या कडेला बोट टेकवून किंचित अडवायचं. आणि हे एकदा करून भागत नाही. 128 च्या गाण्यावर दुसरं 128.1 चं लागलं, तर मिनिटभरात दोन किक, म्हणजे बेस ड्रमचे ठोके, सुमारे 47 मिलिसेकंदांनी सरकतात. एक 'धप्' होता तो 'ध-धप्' ऐकू यायला लागतो. आणखी मिनिटभर दुर्लक्ष केलंत तर सगळं विस्कटतं आणि नाचणारे पाय अडखळतात. टर्नटेबलवर ही सरकासरकी कधी थांबत नाही. त्यामुळे कान कधी सुट्टीवर जात नाही.

कंट्रोलरवर प्लॅटरच्या जागी असतं ते चाक, जॉग व्हील, म्हणजे सेन्सर. वरच्या भागाला बोट लागलं की गाणं थांबतं, कडेने फिरवलं की थोडं पुढेमागे सरकतं. हात काय करतोय ते चाक सॉफ्टवेअरला कळवतं, पण उलट हाताला काहीच सांगत नाही. तुम्ही सोडलंत की चाक तिथेच पडून राहतं, गाणं मात्र आत कुठेतरी चालू होतं. हात आणि गाणं यांच्यातला धागा तिथे तुटतो. उबदार आवाज वगैरे बाजूला ठेवा, खरा फरक हा आहे.

याचा पुरावा हवा असेल तर टाइमकोड बघा. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फायनल स्क्रॅच आलं, मग 2004 मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोचं स्क्रॅच लाइव्ह. यात टर्नटेबलवर जी रेकॉर्ड फिरते तिच्यात गाणं नसतंच. तिच्यात एक सलग शिट्टीसारखा सूर कोरलेला असतो, सेराटोचा 1 किलोहर्ट्झचा. सुई तो सूर वाचते, सॉफ्टवेअर त्यावरून वेग, दिशा आणि जागा ओळखतं आणि लॅपटॉपमधली फाइल तशी वाजवतं. म्हणजे आवाज शंभर टक्के डिजिटल. तरीही अर्धं आयुष्य व्हाइनलवर घालवलेले स्क्रॅच डीजे टाइमकोडवर गेले आणि तिथेच राहिले. आवाज बदलला, हाताची ओढ बदलली नाही, म्हणून.

माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा आहे, हात एकदम साफ, सगळं शिक्षण छोट्या कंट्रोलरवर. त्याला मी पहिल्यांदा टर्नटेबलसमोर उभं केलं. त्याने सवयीने चार बोटं रेकॉर्डवर दाबून ठेवली आणि लगेच उचलली. म्हणाला, "दादा, हे ओढतंय." मी म्हटलं, "दाबू नकोस, नुसतं टेकव. त्याला जाऊ दे, तू फक्त किती जायचं ते ठरव." थोड्या वेळात त्याचं मनगट सैल झालं आणि खांदे खाली आले. कंट्रोलरवर तो जे स्क्रॅच जोर लावून करायचा ते इथे अर्ध्या ताकदीत निघायला लागले, कारण परतीचं अर्धं काम मोटर करत होती.

पण म्हणून 'कंट्रोलरवाले डीजेच नाहीत' असं जे सरसकट बोललं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. गोव्याकडे बघा. हणजुणेच्या किनाऱ्यावर गोवा ट्रान्स हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत घडत होतं तेव्हा धूळ, ऊन आणि दमट हवेत रेकॉर्डचा निभाव लागणं कठीण होतं. तिथले डीजे कॅसेट आणि नंतर डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर वाजवायचे. तिथला डीजे गोवा गिल तर डॅटसाठीच प्रसिद्ध. टेपवर हाताने बीट जुळवायची सोयच नव्हती, म्हणून गाण्यांचा क्रम आणि त्यांची लांब सुरुवात-शेवट यांवर रात्र उभी राहायची. त्यांना डीजे नाही म्हणायची कोणाची हिंमत आहे? आणि आपल्याकडच्या मिरवणुकीत, हलत्या ट्रॉलीवर, पाठीमागे बेसची भिंत असताना सुई खाचेत टिकेल तरी का? तिथे वाजवणारी पोरं कंट्रोलरवर वाजवतात कारण तिथे तेच चालतं. शिवाय पैसा. चांगली दोन टर्नटेबल, मिक्सर, सुया, बाहेरून मागवलेल्या बारा इंची रेकॉर्ड, हे गणित सातारा-नांदेडच्या मुलाला कसं जमायचं? कंट्रोलरने त्याच्यासाठी दार उघडलं. ते दार बंद करायला निघालेल्यांच्या रांगेत मी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंट्रोलरमध्ये नेमकं काय कमी आहे ते ओळखा आणि ते कानाने भरून काढा. सिंक, म्हणजे बीट आपोआप जुळवणारं बटण, बंद करा. स्क्रीनवरचे बीपीएमचे आकडे आणि वेव्हफॉर्म (आवाजाच्या लाटांचं चित्र) कागदाने झाका. दुसरं गाणं हेडफोनच्या एकाच कानात घ्या आणि दुसरा कान मोकळा ठेवा. जुना स्वस्त कंट्रोलर असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या: त्यातल्या बऱ्याच टेम्पो फेडरमध्ये (म्हणजे पिच फेडरच) जेमतेम 128 पायऱ्या असतात. अधिक-उणे 8 टक्क्यांच्या रेंजवर एक पायरी म्हणजे 128 च्या गाण्याला सुमारे 0.16 बीपीएम. मधली जागा त्याला मिळतच नाही, तुमचा कान चुकत नसतो. तिथे जॉगच्या कडेने अधूनमधून सावरत राहायचं, झालं. नव्या यंत्रांमध्ये या पायऱ्या हजारोंनी असतात.

कंपन्यांनाही हे कळलंय. रेन वन हा कंट्रोलर 2020 मध्ये आणि पायोनियरचा डीडीजे-रेव्ह7 2022 मध्ये आला, दोन्हीत जॉगच्या जागी मोटरवर फिरणारा सात इंचाच्या आसपासचा प्लॅटर. माझ्या मते कंट्रोलरमध्ये बऱ्याच वर्षांत झालेली सगळ्यात महत्त्वाची सुधारणा हीच; त्यापुढे रंगीत पॅड आणि इफेक्ट्स किरकोळ. टेक्निक्सने 2010 मध्ये एसएल-1200 बंद केलं होतं, 2016 मध्ये ते परत आणलं, आणि 2019 च्या मार्क सेव्हनमध्ये मोटरचा जोर कमी-जास्त करायची सोय दिली.

जुन्या टर्नटेबलची जोडी घ्यायला जाल तेव्हा विकणारा गाणं लावून दाखवेल, त्यावर जाऊ नका. पिच शून्यावर ठेवा आणि प्लॅटरच्या कडेचे ठिपके लाल दिव्यात बघा. चार ओळींतली मोठ्या ठिपक्यांची ओळ जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. मग स्लिपमॅट टाकून रेकॉर्ड बोटाने धरा. ठिपके हलायला लागले, प्लॅटर मंदावला, तर आधी स्लिपमॅट बदलून बघा. तरीही मंदावत असेल तर किंमत कितीही कमी सांगू दे, घेऊ नका.