गिझर दुरुस्त न करताच पैसे घेतले, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेकॅनिक आला, गिझरचं खालचं झाकण उघडून पाहिलं आणि काहीही दुरुस्त न करता ३५० रुपये व्हिजिट चार्ज घेऊन गेला. शेजाऱ्यांचा गिझर नुसता व्हॉल्व्ह बदलून गळायचा थांबला, दुसरा एक जण तुम्हाला ६०० रुपयांत वेल्डिंग करून द्यायला तयार आहे, म्हणजे आमचा डोळा नवा गिझर विकण्यावर होता.

पाणी कुठून येतंय, यावर सगळं ठरतं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारक्या तोटीतून, तेही गिझर चालू असतानाच थेंब पडत असतील तर बहुतेक वेळा तो बिघाडच नसतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापलं की साधारण २ टक्के फुगतं, म्हणजे पाव लिटरहून थोडं जास्त. मागे जायला वाट नसल्यामुळे ते तोटीतून बाहेर पडतं. गिझर बंद असतानाही धार लागली, तर व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार अडकलेला असतो किंवा लाइनचं प्रेशर जास्त असतं. तिथे व्हॉल्व्ह बदलणं ठीक. मात्र ती तोटी कधीही बुच मारून बंद करू नका, टाकी फुटते.

दुसरी जागा कॉइलच्या फ्लँजची, म्हणजे कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या बोल्टांच्या प्लेटची. तिच्याखालचं रबरी गॅसकेट कडक झालं की बोल्टांभोवती पांढरा थर दिसतो आणि तिथूनच थेंब येतात. गॅसकेट बदललं की काम झालं.

तुमच्याकडे व्हॉल्व्हची तोटी कोरडी, फ्लँज कोरडा, दोन्ही पाइपांचे जोड कोरडे होते. तरीही बाहेरच्या बॉडीच्या तळातल्या भोकातून तपकिरी पाणी येत होतं. हे पाणी टाकी आणि बॉडीमधल्या फोममधून झिरपतंय, म्हणजे आतल्या टाकीलाच भोक पडलंय. वाघोलीतल्या टँकर-बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी आतली कांडी) लवकर संपतो. तो संपला की गंज टाकीच्या सांध्यांवर जातो.

आता वेल्डिंग. पूर्वी तांब्याच्या टाक्यांना डाग देता यायचा, त्यामुळे हा समज अजून टिकून आहे. तुमची टाकी लोखंडी पत्र्याची, आतून काचेसारख्या इनॅमलच्या थराची आहे. वेल्डिंगची उष्णता लागली की तो थर तडकतो आणि पत्रा पुन्हा गंजतो. एम-सील लावून तळातलं भोक बुजवणं तर त्याहून वाईट: पाणी बॉडीत साठतं आणि वायरिंगच्या टर्मिनलपर्यंत चढतं. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर ती बायपास करून गिझर अजिबात चालवू नका.

राहिला नवा गिझर विकण्याचा आरोप. बिलाच्या मागे मेकॅनिकने लिहून दिलंय: ‘टाकी वॉरंटीत असू शकते, कंपनीला फोन करा.’ इतर पार्टची वॉरंटी बहुधा दोन वर्षांत संपते, टाकीची वेगळी असते, अनेक कंपन्या पाच किंवा सात वर्षं देतात. तुमचा गिझर सहा वर्षांचा आहे. आम्ही किंवा वेल्डिंगवाल्याने तो खोलला असता तर कंपनीला हात वर करायला कारण मिळालं असतं. म्हणून त्याने फ्लँज उघडलाच नाही. व्हिजिट चार्ज गळती शोधण्याचा आहे, फोनवर आधीच सांगितलेला, तो परत होणार नाही.

तोवर गिझरची एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) खाली करा आणि गिझरच्या इनलेटचा अँगल कॉक बंद करा. पाणी थंड झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा, सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून धरा, तोटीखाली बादली ठेवा. नळ उघडा नसेल तर आत हवा जात नाही आणि टाकी रिकामी होत नाही. टाकी बदलून आली की जुने फ्लेक्सिबल पाइप परत जोडू देऊ नका, त्यातले वॉशर दबलेले असतात. त्यानंतर अॅनोड दरवर्षी तपासून घ्या. पावती सापडत नसेल तर बॉडीवरच्या स्टिकरचा फोटो काढून सिरीयल नंबर कस्टमर केअरला सांगा.