वेलीला सूचना देण्यापूर्वी

धरमपेठेतल्या घरी कूलरसमोर बसून, तर्री-पोह्यांची बशी बाजूला सारून आपण अयाहुआस्काच्या, म्हणजे पेरू देशाकडच्या एका वेलीच्या भ्रम घडवणाऱ्या काढ्याच्या, विधीसाठी 'इंटेन्शन', अर्थात संकल्प, लिहायला घेतलेत, याबद्दल आपले अभिनंदन. आपल्या आजोबांना हे जमले नाही. सत्यनारायणाला बसताना गुरुजींनी सांगितले तेवढे ते म्हणत आणि पळीभर पाणी ताम्हनात सोडत. त्या संकल्पात 'गोदावर्याः उत्तरे तीरे' असा पत्ता असे, गोत्र असे, आणि मागणे मात्र सकुटुंब क्षेमाचे, म्हणजे शेजाऱ्याच्या मागण्याहून काडीचेही वेगळे नसे. असला सार्वजनिक संकल्प आपल्याला अर्थातच पुरणार नाही.

आपला संकल्प किमान दोन पानांचा असावा. पहिल्या पानावर बालपणीच्या जखमा मांडाव्यात, दुसऱ्यावर अहंकाराचा विलय, आणि विलयानंतरच्या पदोन्नतीसाठी तळाशी दोन ओळी राखून ठेवाव्यात. 'बाबांना क्षमा करण्याचे बळ मिळो' हे वाक्य लिहिताना बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत असले, तरी उठून त्यांच्याशी बोलू नये. पेरूचे तिकीट काढून जे साधायचे, ते दोन खोल्या ओलांडून साधले तर त्याला किंमत राहत नाही. तर्रीचा थेंब नेमका 'क्षमा' या शब्दावर पडला असेल, तर पान फाडून पुन्हा लिहावे. विधीआधीच्या पथ्यात तेल, तिखट आणि मीठही वर्ज्य असते, आणि सावजीची आठवणसुद्धा कागदावर नको.

उकायाली नदीकाठच्या शिपिबो लोकांकडून मात्र काही शिकू नये. ते ही वेल चाक्रुनाच्या पानांबरोबर कित्येक तास उकळतात आणि रात्रीच्या अंधारात 'इकारो' ही विधीची गाणी गातात. त्यांच्या या विद्येला पेरू सरकारने २००८ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पण पूर्वी त्या भागात अनेक ठिकाणी काढा पिणारा वैदूच असे. रुग्ण आपले दुखणे सांगून पडून राही. वेलीला मुद्देसूद सूचना देण्याची पद्धत आपल्यासारख्या सुशिक्षितांनी आणली. काढ्यानंतर प्रत्येकापुढे बादली ठेवतात, ती कशासाठी, हे तिथे गेल्यावर कळेलच.

कोणी शहराबाहेरच्या फार्महाऊसवर हाच विधी निम्म्या पैशांत करून देत असेल, तर चाक्रुनातले डीएमटी हे भ्रम घडवणारे द्रव्य १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, असला अरसिक विषय काढू नये. मंडळींची कंपने बिघडतात.

राहता राहिला नोंदणी अर्जातला 'सध्या चालू असलेली औषधे' हा रकाना. वेलीतली हार्मिनसारखी द्रव्ये शरीरातले एक विकर अडवतात, म्हणून पानांतले डीएमटी पोटात नष्ट न होता रक्तात पोहोचते. त्याच कारणाने नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांशी या काढ्याची गाठ पडली, तर सेरोटोनिन बेसुमार वाढून जिवावर बेतू शकते. आपण मात्र दोन पाने लिहून दमला आहात, तेव्हा तिथे एक सुबक आडवी रेघ ओढावी. आणि संकल्पाची वही चुकूनही आपल्या जुन्या डॉक्टरांना दाखवू नये, ते पहिली दोन्ही पाने न वाचता उलटतील आणि विचारतील, "रात्रीची ती अर्धी गोळी अजून घेता ना?"