एकटं सोडा म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्यांच्या ग्रुपवर धाकट्या भाऊजींनी एक मेसेज ढकलला. तुमच्याकडेही फिरत आला असेल. मथळा, ‘संकटातल्या माणसाला एकटं सोडा’. खाली पाच मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. दुःखी माणसाला एकांत हवा असतो. मदत हवी असेल तर तो स्वतः मागेल. पैशाशिवाय बाकीची मदत म्हणजे दिखावा. अपघातात हात लावाल तर पोलीस तुम्हालाच धरतील. आणि एकदा मदत केली की लोक डोक्यावर बसतात. तिघींनी लगेच अंगठे दिले. मी तिथे काही बोलले नाही, उगीच भांडण झालं असतं. इथे बोलते.

एकांत ज्याला हवा त्याला जरूर द्यावा. पण आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून पिठलंभात येतो. कडू घास. तो आणणारी बाई प्रवचन देत बसत नाही. पातेलं ओट्यावर ठेवते, ‘दोन घास खाऊन घ्या’ म्हणते आणि चपला घालून निघते. एकांत कुठे मोडला?

‘हवं असेल तर मागेल’ हा मुद्दा मात्र मला लागला. आमचे हे परळला अ‍ॅडमिट होते तेव्हा जो भेटेल तो म्हणायचा, ‘काही लागलं तर सांगा हं.’ मनापासूनच म्हणायचे. पण सांगायचं काय? कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा एवढंच डोक्यात. घरात गॅस आहे की संपला, तेही आठवत नव्हतं. मागायलासुद्धा डोकं ठिकाणावर लागतं. आमच्या चाळीत पाणी पहाटे पाच ते पावणेसहा. मी रात्रभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर, म्हणजे पाण्याचा प्रश्नच मिटला. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीपुरती घरी आले, तर मोरीतलं पिंप काठोकाठ भरलेलं, वर झाकण, शेजारी पिण्याचा हंडा फडकं बांधून ठेवलेला. आमची एक किल्ली समोरच्या मावशींकडे असते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘माझं झालं होतं भरून, पाइप तुझ्याकडे टाकला.’ सतरा दिवस टाकला त्यांनी तो पाइप. तेव्हापासून ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य मी बंद केलंय. ‘उद्या दुपारचा डबा माझ्याकडून, कुठली भाजी चालत नाही तेवढं बोल,’ असं म्हणते.

पैशाशिवाय बाकी दिखावा? टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर एकदा नजर टाका. कुठून कुठून कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेली कुटुंबं तिथे दिवस काढतात. पैसा लागतोच, नाही कोण म्हणतंय? पण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कसं जायचं, हातातल्या इंग्रजी कागदावर काय लिहिलंय, हे सांगायला पाच मिनिटं लागतात आणि रुपयाही लागत नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये बॉम्ब फुटले, तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतले लोक अंगावर घ्यायच्या चादरी घेऊन धावले आणि त्यात घालून जखमींना उचललं. त्यांच्याकडे द्यायला पैसा कुठला असणार?

पोलिसांचा मुद्दा तर शिळा झालाय. एके काळी ती भीती खरी होती, मान्य. पण मदतीला धावणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच नियमांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. रस्ते अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत केली आणि तरी त्याचं काही बरंवाईट झालं, तर मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचीही नाही. १०८ ला फोन लावायला तर जखमीला हात लावावा लागत नाही.

राहिलं डोक्यावर बसणं. बसतात की! माझ्याकडून ‘दोन दिवसांसाठी’ नेलेली मिक्सरची भांडी एकीने दिवाळी उलटली तरी दिली नव्हती. पण तेवढ्यासाठी दार लावून घ्यायचं, तर त्या सतरा दिवसांत मावशींनीही लावून घ्यायला हवं होतं.

आणि भाऊजी, तुमच्यासाठी म्हणून एक. मागच्या पावसाळ्यात जाऊबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्ही काहीच मागितलं नव्हतं. माझा मुलगा रोज सकाळी कॉलेजला जाताना वाकडी वाट करून तुमच्याकडे चारखणी डबा पोचवत होता. त्याचं सगळ्यात खालचं खण अजून तुमच्याकडेच आहे. येताना आणा.