दात घासणाऱ्या बाईला व्यसनी म्हणता? : मिसरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, मिसरीवर, म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेल्या तंबाखूवर, आम्ही लिहिलेल्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, मिसरी म्हणजे दात घासणं, बीडच्या केज-धारूरकडं पिढ्यान्‌पिढ्या बाया ती लावतात, तुमच्या आईनं तीस वर्षं लावली तरी तिला काही झालं नाही. पहाटे तीनला उठून उसाच्या फडात राबणाऱ्या माउलीला आम्ही दारुड्याच्या पंक्तीत बसवलं, हा तुमचा राग.

शब्दाबद्दल तुमचं खरं आहे. त्या लेखाच्या मथळ्यातलं ‘व्यसनी बाया’ काढून टाकतो. नाव ठेवलं की बाई डबी लपवते, आणि मग कुणालाच काही कळत नाही. बाकीचं मात्र पटत नाही.

दात घासायला दोन-तीन मिनिटं पुरतात. इथं चिमूटभर काळी पूड तळहातावर येते, बोट हिरडीवरून फिरतं, मग तोंडात तसंच धरून बाई उंबऱ्यावर बसून राहते. सकाळी, जेवल्यावर, दुपारी, निजताना. इतक्यांदा दात कोण घासतं? तव्यावर काळी होईस्तोवर भाजली तरी तंबाखूतलं निकोटीन उरतंच, वर भाजण्यानं कर्करोगाला कारण होणारे पदार्थ वाढतात. हिरडीच्या पातळ त्वचेतून निकोटीन थेट रक्तात जातं. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? सुट्या तंबाखूला पुडा नाही, म्हणून त्यावरचा इशारा नाही आणि मदतीचा नंबरही नाही.

व्यसन आहे की नाही हे, मिसरी संपली की काय होतं त्यावरून ओळखायचं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागते का? निर्जळी उपवासाला पाणी वर्ज्य, पण मिसरी चालते का? ‘मिसरीबिगर परसाकडं होत नाही’, ‘डोकं उतरत नाही’ ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. रात्रभर निकोटीन न मिळाल्यानं डोकं धरतं, पोट अडतं. मिसरी लावली की दोन्ही सुटतं, आणि बाई त्याला औषध समजते. दाढेचंही तेच. ठणका विसरायला म्हणून सुरू होते, हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, ठणका वाढतो, पुन्हा डबी.

सोडवायची तर आधी मोजा. लिहिता येत नसेल तर प्रत्येक वेळी वाटीत तुरीचा एक दाणा टाकायला सांगा, तीन दिवस. मग दुपारची आणि जेवणानंतरची आधी बंद करा. सकाळची सगळ्यात अवघड, ती शेवटी. दातांना ब्रश किंवा कडुनिंबाची काडी. तलफ आली की पाणी, बडीशेप किंवा लवंग. चार-पाच मिनिटांत तिचा जोर ओसरतो. सुपारी मात्र देऊ नका. लोक हमखास हीच चूक करतात, आणि सुपारीनं जबडा आखडतो. पूर्ण बंद केल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट जातो : चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही. दोन ते चार आठवड्यांत ते उतरतं. म्हणून कापूस वेचणीच्या घाईत सुरुवात नको.

उठल्या उठल्या लागत असेल तर डॉक्टरला विचारून निकोटीन गम घ्या. तो चघळत राहायचा नसतो. हळूहळू चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. भराभर चावून थुंकी गिळली की उचक्या लागतात, मळमळतं, आणि ‘गम सोसत नाही’ म्हणून बाई सोडून देते. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको, गम नीट लागू पडत नाही. गरोदर बाईला गम डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय देऊ नका. पण मिसरी पोटातल्या लेकरालाही बाधते, वजन कमी भरतं, म्हणून तिला आधी दवाखान्यात न्या.

आईला काही झालं नाही म्हणता, तर एकदा उजेडात तिचं तोंड बघा. गालाच्या आत, ओठामागं, जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तिची स्वतःची तीन बोटं उभी आत न जाणं, यातलं एकही दिसलं तर जिल्हा रुग्णालयातल्या दंतचिकित्सकाला दाखवा. तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत नंबर १८००-११-२३५६. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील आणि मग पाच-सहा महिने दवाखाना लांब पडेल. त्याआधी बघून घ्या.